प्रवासशंका : बँकॉक–सिंगापूर, जाताना साडेतीन तास आणि येताना दीड?

दिवाळीच्या सुट्टीची आखणी सुरू झाली की बडोदेकरांच्या पत्रांत थायलंड, मलेशिया आणि सिंगापूर ही त्रयी हमखास येते. या खेपेला बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरताहेत: तिकडच्या दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत. सारखेच प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : एजंटनं पाठवलेल्या तिकिटावर बँकॉकहून विमान १०:०० ला सुटतं आणि १३:२५ ला सिंगापूरला पोहोचतं. परतीचं १५:०० ला सुटून १६:२५ ला बँकॉकला. म्हणजे जाताना साडेतीन तास आणि येताना दीडच? शिवाय अंतर एके ठिकाणी ७६५, दुसरीकडे ८८० आणि तिसरीकडे १,४१६ दिलंय. यातलं खरं कुठलं? – एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : दोन्ही वेळा प्रवास २ तास २५ मिनिटांचाच आहे. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते, पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची. सिंगापूर बँकॉकच्या एक तास पुढे आहे. जाताना १०:०० ते १३:२५ मधून तो एक तास वजा करा, येताना १५:०० ते १६:२५ मध्ये एक तास मिळवा. दोन्हीकडे उत्तर २:२५ येतं.

गोंधळ होतो तो नकाशा पाहून, आणि त्यात तुमची चूक नाही. सिंगापूर बँकॉकच्या जवळजवळ सरळ खाली आहे. रेखांशाचा फरक जेमतेम सव्वातीन अंशांचा, आणि १५ अंशांना एक तास या हिशेबानं तो १३ मिनिटांचा होतो. मग घड्याळात पूर्ण तासाचा फरक का? कारण मलेशियानं आपल्या पूर्व आणि पश्चिम भागांची वेळ एक करायचं ठरवलं आणि १ जानेवारी १९८२ पासून सिंगापूरनंही त्यांच्याबरोबर, आधीच बँकॉकच्या अर्धा तास पुढे असलेलं आपलं घड्याळ आणखी अर्धा तास पुढे नेलं. तिथं सूर्य सातच्या सुमारास उगवतो तो त्यामुळेच. सकाळी साडेसहाची सहल ठरवलीत तर हॉटेलबाहेर अंधार असेल, एवढं लक्षात असू द्या.

आपल्या घड्याळाच्या मानानं थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस आणि जकार्ता दीड तास पुढे. सिंगापूर, मलेशिया, बाली आणि फिलिपिन्स अडीच तास पुढे. म्यानमार फक्त एक तास. जकार्ता आणि बाली एकाच देशात असूनही त्यांच्यात एक तासाचा फरक आहे. तिथलं देशांतर्गत तिकीट पाहूनही हाच घोळ होतो.

आता अंतर. तुम्ही दिलेले तिन्ही आकडे बरोबर आहेत, एकके वेगळी आहेत. ७६५ हे सागरी मैल, ८८० हे साधे मैल आणि १,४१६ हे किलोमीटर. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. विमानवाल्यांचा सगळा व्यवहार सागरी मैलांत चालतो, म्हणून तो आकडा जागोजागी दिसतो. हे अंतर सुवर्णभूमी ते चांगी या दोन विमानतळांमधलं, पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं सर्वांत जवळचं. शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं तर ते १,४३० च्या आसपास जातं. प्रत्यक्ष विमान यापेक्षा थोडं जास्तच उडतं, कारण त्याला ठरलेल्या हवाई मार्गांनी जावं लागतं आणि उतरताना धावपट्टीच्या दिशेनं वळसा घ्यावा लागतो.

रस्त्यानं हेच अंतर १,८०० किमीच्या वर आहे. रेल्वेनं जायची हौस असेल तर बँकॉकची गाडी मलेशियाच्या हद्दीवर पादांग बेसारला संपते. तिथं एकाच स्टेशनात दोन्ही देशांचे शिक्के होतात आणि पुढे मलेशियाची गाडी धरायची. दोन दिवस हाताशी असतील तरच हा नाद करावा.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. दोन शहरांमधलं हवाई अंतर अक्षांश-रेखांशावरून घरी काढता येईल का? – एक वाचिका, कारेलीबाग

उत्तर : येईल, आणि आग्नेय आशियासाठी तर फार सोपं आहे. हा भाग विषुववृत्ताजवळ असल्यामुळे पृथ्वीच्या गोलाईचा त्रास कमी होतो आणि पायथागोरसवर भागतं.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किमी. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच, पण उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकावं तसा आक्रसत जातो. दोन गावांच्या सरासरी अक्षांशाची कोसाईन किंमत घेऊन १११ ला गुणायचं.

सुवर्णभूमी साधारण १३.६९ उत्तर, १००.७५ पूर्व. चांगी १.३६ उत्तर, १०३.९९ पूर्व. अक्षांशाचा फरक १२.३३, म्हणजे १,३६९ किमी. रेखांशाचा फरक ३.२४. सरासरी अक्षांश साडेसात, त्याची कोसाईन ०.९९, म्हणजे एक अंश ११० किमी आणि फरक ३५६ किमी. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करा आणि वर्गमूळ घ्या. उत्तर १,४१४ किमी येतं. छापील आकड्यापेक्षा दोनच किलोमीटर कमी.

हीच रीत अहमदाबाद–लंडनला लावू नये. लांबच्या आणि उत्तरेकडच्या मार्गांवर ती सपशेल फसते, तिथं गोलावरची त्रिकोणमिती लागते. आणखी एक: अंश-मिनिटांत दिलेला आकडा आधी दशांशात करून घ्या. १३ अंश ४१ मिनिटं म्हणजे १३.४१ नव्हे, ४१ भागिले ६० केलं की १३.६८ येतात. मुलं हटकून इथंच अडतात.

प्रश्न : क्वालालंपूर ते सिंगापूर अंतर ३०० किमीसुद्धा नाही आणि विमानाचा वेग ताशी ८०० किमी. तरी तिकिटावर सव्वा तास कसा? आणि मग बसनं जाणं बरं की विमानानं? – दोन पत्रं, मांजलपूर आणि निझामपुरा

उत्तर : हवाई अंतर २९७ किमी आहे. तिकिटावर जो वेळ छापतात तो विमान फाटकापासून हलल्यापासून दुसऱ्या फाटकाला लागेपर्यंतचा. त्यात धावपट्टीपर्यंत जमिनीवरून चालत जाणं, रांगेत थांबणं, वर चढणं, खाली उतरणं आणि पुन्हा जमिनीवरून फाटकापर्यंत येणं हे सगळं आलं. हा खर्च ३०० किमीला जवळजवळ तेवढाच, जेवढा १,५०० किमीला.

उतरण्याचं गणित पाहिलं की लगेच कळतं. दर हजार फुटांना साधारण तीन सागरी मैल, हा वैमानिकांचा ठोकताळा. ३६,००० फुटांवरून यायचं तर १०८ सागरी मैल, म्हणजे २०० किमी आधीपासून विमान खाली यायला लागतं. क्वालालंपूर–सिंगापूरला एकूण अंतरच २९७ किमी. त्यामुळे विमान वीस-पंचवीस हजार फुटांवर पोहोचतं न पोहोचतं तोच उतार सुरू. पूर्ण वेग घ्यायला सवडच मिळत नाही. त्यात हा जगातल्या सर्वांत गजबजलेल्या आंतरराष्ट्रीय हवाई मार्गांपैकी एक. रांग आलीच.

घरगुती सूत्र हवं असेल तर किलोमीटरला ८०० नं भागा आणि त्यात ४० मिनिटं मिळवा. बँकॉक–सिंगापूर १,४१६ किमी : १ तास ४६ मिनिटं अधिक ४०, म्हणजे २ तास २६ मिनिटं. सिंगापूर–जकार्ता ८८० किमी : १ तास ४६ मिनिटं. बँकॉक–हनोई ९७० किमी : १ तास ५३ मिनिटं. वेळापत्रकाशी पाच-दहा मिनिटांच्या आत जुळतं. फार गर्दीच्या विमानतळावर कंपन्या मुद्दाम थोडा वेळ पोटात धरतात, म्हणून छापील वेळ यापेक्षा जास्त दिसला तर नवल नाही. हे सूत्र जेट विमानांसाठी आहे. पंख्याचं एटीआर असेल तर ८०० च्या जागी ५०० धरा.

बस की विमान? घरापासून घरापर्यंत मोजा. क्वालालंपूरचा विमानतळ शहरापासून ५७ किमीवर. केएल सेंट्रल स्टेशनवरून एक्सप्रेस गाडी टर्मिनल १ ला २८ मिनिटांत आणि टर्मिनल २ ला ३३ मिनिटांत नेते, पण आधी हॉटेलवरून स्टेशन गाठायचं असतं. विमानतळावर दोन ते अडीच तास आधी. उड्डाणाचा सव्वा तास. चांगीला उतरून बाहेर पडायला पाऊण तास, शहरात जायला आणखी अर्धा-पाऊण. बेरीज साडेपाच-सहा तासांवर जाते. रस्ता ३५० किमीचा आणि उत्तम. बस पाच ते सहा तासांत पोहोचवते आणि बॅगांच्या वजनाची कटकट नसते.

आमचं मत विचाराल तर सोमवार ते गुरुवार बस, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार विमान. सुट्टीच्या तोंडावर सरहद्दीवर जी कोंडी होते तिला धरबंध नसतो.

बसनं जाताना खरी अडचण सरहद्दीवरच येते. तिथं दोनदा उतरावं लागतं, आधी मलेशियाचा बाहेर पडण्याचा शिक्का, मग पूल ओलांडून सिंगापूरचा प्रवेश. सिंगापूरच्या बाजूला सगळं सामान हातात घेऊन यंत्रातून न्यायचं असतं. बस ठरावीक वेळच थांबते आणि मागे राहिलेल्यांसाठी खोळंबत नाही. तेव्हा उतरायच्या आधी बसच्या नंबरपाटीचा फोटो काढा, कारण बाहेर एकाच रंगाच्या चार बस उभ्या असतात. वयस्कर मंडळींना रांगेत पुढे ठेवा, आपण मागे राहा.

आणि हो, फराळाच्या डब्यात अनारसे असतील तर ते क्वालालंपूरमध्येच संपवा. सिंगापुरात खसखशीवर अमली पदार्थांच्या कायद्याखाली निर्बंध आहेत. गुटखा-तंबाखू आणि च्युइंगगमही तिथं नेता येत नाही. थेपले आणि लीलो चेवडा खुशाल न्या.

प्रश्न : सिंगापूर–क्वालालंपूर–सिंगापूर अशी सहल करायची असेल तर व्हिसा एकच पुरेल ना? – एक वाचक, फतेगंज

उत्तर : भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतो, आणि तुम्ही तिथं दोनदा शिरणार. म्हणून व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे का ते कागदावर वाचून घ्या, एजंटच्या तोंडी आश्वासनावर राहू नका. मलेशियासाठी पर्यटकांना व्हिसा-सवलत आहे, ती मुदतीची असते. तिकीट काढायच्या दिवशी तपासा. याशिवाय सिंगापूरचं, मलेशियाचं आणि १ मे २०२५ पासून थायलंडचंही आगमनपत्र पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. तिन्ही फुकट आहेत. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती सरकारी नाही, बंद करा.

प्रश्न : अहमदाबादहून बँकॉक पहाटे ४:३० ला पोहोचतं. तिथून सिंगापूरचं वेगळं तिकीट सकाळी ८:०० चं स्वस्तात मिळतंय. साडेतीन तास पुरतील ना? – एक वाचिका, वाघोडिया रोड

उत्तर : आधी दोन्ही तिकिटांवरचे विमानतळाचे कोड पाहा. डीएमके म्हणजे डॉन म्युआंग, शहराच्या उत्तरेला. बीकेके म्हणजे सुवर्णभूमी, पूर्वेला. २००६ साली सुवर्णभूमी सुरू झाला आणि २०१२ पासून स्वस्त कंपन्यांची बरीच विमानं पुन्हा डॉन म्युआंगवर गेली. दोन्ही विमानतळ 'बँकॉक' म्हणूनच विकले जातात, आणि त्यांच्यात रस्त्यानं ४५ ते ५० किमी अंतर आहे.

तुमच्या बाबतीत पहिलं विमान डॉन म्युआंगला आणि दुसरं सुवर्णभूमीहून असेल तर हिशेब असा. ४:३० ला उतरलात. पासपोर्टची रांग आणि सामान यात सव्वा तास गेला, पावणेसहा. पुढच्या विमानाचं तिकीट दाखवलं की दोन विमानतळांमधली बस फुकट असते, पण ती सुटायची वाट पाहणं आणि तासाभराचा रस्ता धरला की सात वाजतात. दुसऱ्या कंपनीचा काउंटर सुटण्याआधी एक तास बंद होतो, म्हणजे सातलाच. पहिलं विमान दहा मिनिटं उशिरा आलं की तिकीट बुडालं, आणि वेगवेगळी तिकिटं असल्यामुळे भरपाई कोणीच देत नाही. हे तिकीट घेऊ नका. विमानतळ वेगळे असतील तर दुसरं विमान साडेदहाच्या आधीचं नको. दोन्ही उड्डाणं एकाच विमानतळावर असतील तर साडेतीन तासांत जमू शकतं, पण सामान पुन्हा टाकायचं आहे हे धरून.

वेगळ्या तिकिटांचा दुसरा फटका वजनात बसतो. अहमदाबादच्या तिकिटात २० ते ३० किलो सामान धरलेलं असतं आणि पुढच्या स्वस्त तिकिटात बहुधा फक्त ७ किलोची हातबॅग. तिथं काउंटरवर पैसे भरायला गेलात तर ऑनलाइनच्या मानानं बरेच जास्त पडतात. तिकीट काढतानाच वजन विकत घ्या, आणि ज्या तिकिटात सर्वांत कमी वजन चालतं त्याच्या हिशेबानं घरीच बॅगा बांधा.

तिसरा फटका सर्वांत वाईट. सिंगापूरमार्गे बालीला जायचं, तिकिटं दोन, आणि सिंगापूरचा व्हिसा नाही. सामान थेट बालीपर्यंत 'चेक-थ्रू' झालं नाही तर ते घ्यायला चांगीला पासपोर्टच्या पलीकडे जावं लागतं, आणि व्हिसाशिवाय जाता येत नाही. बहुतेकदा तिथवर वेळ येतच नाही, अहमदाबादच्या काउंटरवरच अडवतात. क्वालालंपूरलाही टर्मिनल १ आणि २ मध्ये गाडीनं तीनच मिनिटं लागतात, पण ती गाडी पासपोर्ट तपासणीच्या बाहेर आहे. एका टर्मिनलला उतरून दुसऱ्याहून वेगळ्या तिकिटावर जाणार असाल तर मलेशियात रीतसर प्रवेश करावा लागतो. चार तास ठेवा.

प्रश्न : हनोई ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेनं जावं का? – एक वाचक, अलकापुरी

उत्तर : हवाई अंतर सुमारे १,१६० किमी, उड्डाण २ तास १० मिनिटं. रेल्वेचा मार्ग १,७२६ किमी आणि बत्तीस तासांच्या वर. देश लांबट आणि वळणाचा, रूळ किनाऱ्यानं जातात, म्हणून एवढा फरक. अख्खा मार्ग गाडीनं करू नका. द नांग जवळजवळ मध्यावर आहे, दोन्ही शहरांपासून हवाई अंतर ६०० किमीच्या आसपास आणि उड्डाण १ तास २० मिनिटांचं. तिथं मुक्काम टाका आणि फक्त ह्यूए–द नांग हा तुकडा रेल्वेनं करा. समुद्र आणि घाट दोन्ही दिसतात.

प्रश्न : कंबोडियातल्या सियाम रीपला बँकॉकहून तासाभरात पोहोचतो, मग संध्याकाळच्या विमानानं जाऊन अंकोरच्या मंदिरांवरचा सूर्यास्त बघता येईल का? – एक वाचिका, रावपुरा

उत्तर : आता नाही. जुना विमानतळ गावालगत होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये नवा सुरू झाला, तो गावापासून ५० किमीच्या आसपास आहे. उड्डाण तासाभराचं आणि पुढे रस्ताही तासाभराचा. सकाळचं विमान घ्या.

प्रश्न : कोणत्या वेळेची विमानं कमी रखडतात? वाऱ्यामुळे वेळ बदलतो म्हणतात, तो किती? – एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : बँकॉक–सिंगापूर, हनोई–हो ची मिन्ह सिटी हे मार्ग उत्तर-दक्षिण आहेत आणि विषुववृत्ताजवळ उंचावरचा वारा फार जोराचा नसतो. जाता-येताना पाच-दहा मिनिटांचा फरक. अहमदाबाद–बँकॉक मात्र पूर्व-पश्चिम. थंडीत आपल्या आकाशात पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, त्यामुळे जाताना चार-सव्वाचार तास लागतात आणि परतताना त्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं जास्त, कधी आणखीही.

रखडपट्टी वाऱ्यापेक्षा गडगडाटी पावसानं होते. क्वालालंपूरला एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर ढग दाटून येतात. विजा चमकत असतील तर विमानाभोवती काम करणाऱ्यांना आत घेतात, सामान चढवणं थांबतं आणि रांग लागते. तिथून सकाळचं विमान बरं. सिंगापूरला उलटा प्रकारही होतो. पावसाळ्यात सुमात्राकडून येणारी वादळी पट्टी पहाटे किंवा सकाळीच आदळते, पण एक-दोन तासांत ओसरते.

प्रश्न : १२ तारखेला रात्री ००:३५ चं अहमदाबाद–बँकॉक आहे. बडोद्याहून कधी निघावं? – एक वाचिका, मांजलपूर

उत्तर : ११ तारखेला संध्याकाळी. ००:३५ म्हणजे १२ तारीख सुरू होऊन पस्तीस मिनिटं झालेली. १२ च्या रात्री जाल तर विमान चोवीस तासांपूर्वी गेलेलं असेल. हॉटेलचं बुकिंगही त्याच हिशेबानं १२ पासून घ्या, कारण पोहोचाल तेव्हा बँकॉकला १२ तारखेचीच सकाळ असेल. सव्वाचार तास उड्डाण आणि दीड तास घड्याळाचा, म्हणजे सव्वासहाच्या सुमारास. खोली मात्र दुपारी दोनलाच मिळते. सामान ठेवून घेतील का ते आधी विचारा.

आंतरराष्ट्रीय उड्डाणं टर्मिनल २ वरून सुटतात. काउंटरवर तीन तास आधी, म्हणजे साडेनऊला असायला हवं. एक्सप्रेस-वे ९३ किमीचा आणि झपाट्यानं कापला जातो, पण तो संपल्यावर शहरातून विमानतळापर्यंतचा टप्पा संध्याकाळी वेळखाऊ असतो. अडीच तास धरा आणि अर्धा तास हाताशी ठेवा. साडेसहाला घर सोडा. जेवण डब्यात घ्या.